चर्चला येत नाही म्हणून भाऊ ख्रिस्ती नाही काय?

खानापूरची ताई:
नमस्कार, जरा मन मोकळं करायचं होतं. आम्ही तीन पिढ्यांचे मेथॉडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. धाकटा भाऊ आठ वर्षं झाली बेंगळूरला जॉबला, तिकडं गेल्यापासून रविवारची उपासना सुटली ती सुटलीच, नाताळला गावी आला की तेवढा चर्चमध्ये दिसतो. खरं रोज रात्री बाळाला झोपवताना प्रार्थना करतो, मी डोळ्यानं बघितलंय. आता बाळाचा बाप्तिस्मा गावातच करायचा म्हणालाय तर मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले काहीजण म्हणतात, वर्षातनं एकदा तोंड दाखवणाऱ्यानं कशाला मागायचं. आई दोन दिवस नीट जेवली नाही ओ. विश्वास आहे खरं येणंजाणं नाही, अशा माणसाला काय म्हणायचं?

कॅम्पातला:
आम्ही कोकणी कॅथलिक. आमच्यात नियमच आहे, दर रविवारी मिस्सा म्हणजे उपासना, वर्षातनं एकदा तरी कन्फेशन म्हणजे फादरपुढं पापांची कबुली, ईस्टरच्या काळात कम्युनियन म्हणजे प्रभुभोजनाची भाकर घेणं. खरं माझ्याच घरात बघा, आई रोज रोझरीची जपमाळ म्हणते, मी रविवारचा, आणि पोरगी फक्त गुड फ्रायडेला येते, आणि क्रूसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखाच्या प्रार्थनेला, सगळ्यात जास्त तीच रडते. आईबाप बाळाला विश्वासात वाढवणार काय, एवढंच विचारावं.

मंडळीतला एक:
मी कडक बोलतो, राग मानू नका. बायबलात इब्री 10:25 मध्ये एकत्र जमणं सोडू नका असं सांगितलंय ते हजेरीसाठी नाही. मागच्या पावसाळ्यात माझी बायको वारली, तेव्हा शेजारच्या बाकावर बसणारी माणसं नऊ दिवस भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन यायची, पाऊस धो धो असला तरी. यूट्यूबवरची सर्व्हिस मी पण ऐकतो, खरं त्या पाळकाला माझं घर कुठाय ते माहीत नाही. भावाला हे सांगा. बाप्तिस्मा अडवू नये, त्याला मात्र परत बोलवा.

निपाणीची:
माझा बाप्तिस्माच झालेला नाही, घरी देवघर आहे, तरी शुभवर्तमान वाचते आणि कधीमधी मागच्या बाकावर जाऊन बसते, प्रभुभोजनाला उठत नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशन सोडून 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले दोन्ही शिष्य होते. ते वाचल्यापासून मला धीर आला. तुमचा भाऊ तर घरातलाच, त्यालाच दार लावलं तर आम्ही कुठं यायचं?

खानापूरची ताई:
सगळं आईला वाचून दाखवलं. आजीची आठवण निघाली, ती अर्पणाची नोट पदराला गाठ मारून आणायची, ऐनवेळी गाठ सुटायची नाही मग मी दातानं सोडवायची आणि नोट पिशवीत टाकायला भावाला द्यायची. डब्याचं मी त्याला फोनवर सांगितलं, बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला तिकडं घराजवळचं चर्च बघतो. शनिवारी तो येतोय, आई आणि आम्ही दोघं पाळकांकडं जाणार आहोत.