जहाज कापायचं की माणसाला धक्क्यावरच थांबवायचं?

धागालेखक: गँगवे

जुन्या जहाजांच्या संग्रहालयांत एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: ‘जहाजाच्या ऐतिहासिक स्वरूपामुळे सर्व भागांत व्हीलचेअरने जाता येणार नाही.’ एवढं लिहून संग्रहालयाने मोकळं होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कुठला भाग, कशामुळे आणि किती मिलिमीटर कमी पडतात हे लिहिलंच पाहिजे. शिवाय धक्क्यापासून निदान एका खालच्या डेकपर्यंत एकही पायरी नसलेली वाट हवी, त्यासाठी पोलाद कापावं लागलं तरी.

अडचण जहाजात शिरण्याआधीच सुरू होते. तरंगतं जहाज भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतं, त्यामुळे गँगवेचा (धक्क्यावरून जहाजावर चढायच्या पुलाचा) उतार दिवसभर बदलत राहतो. डेक धक्क्यापेक्षा दोन मीटर उंच असेल, तर १:१२ उतारासाठी २४ मीटर लांबीचा गँगवे लागतो. आठ मीटरचाच टाकला की उतार होतो १:४, आणि त्यावर मागून ढकलणारा सोबती असला तरी खुर्ची मागच्या मागे उलटायचा धोका असतो. पाय घसरू नये म्हणून ठोकलेल्या आडव्या पट्ट्यांत खुर्चीची पुढची छोटी चाकं अडकतात. पट्ट्यांऐवजी वाळू मिसळलेला खरखरीत लेप दिला तर दोघांचंही भागतं. गँगवेच्या खालच्या टोकाची पत्र्याची झडप धक्क्यावर नीट टेकत नसेल, तर फूटरेस्ट तिथे घासून अडकतो. एवढीशी गोष्ट, पण माणूस तिथूनच परत फिरतो.

आत गेल्यावर उंबरे. १९६६ च्या आंतरराष्ट्रीय भारमर्यादा करारानुसार व्यापारी जहाजांच्या उघड्या डेकवरून आत जाणाऱ्या दारांना किमान ३८० मिमी उंबरा लागतो. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून तो असतो. कायमच्या बांधून ठेवलेल्या जहाजावर त्याचं हे काम उरलेलं नाही. तो न कापता रॅम्प टाकायचा म्हटला तर १:१२ ने दोन्ही बाजूंना साडेचार मीटरहून जास्त लांबी लागते. जहाजाच्या गल्लीत तेवढी सरळ जागा कुठून आणणार?

सुकी_गोदी

पूर्ण असहमत. गँगवेबद्दल लिहिलंय ते सगळं मान्य, कारण गँगवे हा जहाजाचा भाग नव्हे, तो हवा तसा बदला. पण उंबरा आणि डेक हेच तर प्रदर्शन आहे. रिव्हेट (पत्रे जोडणारे लोखंडी खिळे) मारलेल्या सांगाड्यात लिफ्टसाठी १.६ × १.८ मीटरचं भोक पाडलं, की डेकच्या खालच्या दोन-तीन तुळया तुटतात. त्यांचा भार घ्यायला नवी चौकट बसवावी लागते, म्हणजे आणखी जुनं काम काढावं लागतं. विसाव्या शतकाच्या मध्यातलं जहाज असेल तर पाइपांभोवती आणि बल्कहेडवर (आतल्या आडभिंतींवर) ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता, म्हणजे एका दारासाठी अख्खा कप्पा बंद करून सफाई करावी लागणार. जुन्या लोखंडाच्या प्रत्येक ताज्या कडेला गंज धरतो. ब्रिस्टॉलच्या ‘ग्रेट ब्रिटन’ जहाजाचा (१८४३) लोखंडी तळ टिकवण्यासाठी पाणपातळीवर काचेचं छत घालून खालची हवा २० टक्के आर्द्रतेवर ठेवावी लागते. मिठाने पोखरलेलं लोखंड इतकं नाजूक असतं.

स्टॉकहोमचं ‘वासा’ हे लाकडी युद्धजहाज बघा. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं, १९६१ मध्ये वर काढलं. त्यावर कोणताच प्रेक्षक चढत नाही, पायांनी धड असलेलासुद्धा नाही. भोवती वेगवेगळ्या उंचीवर मजले आहेत आणि तोफांच्या डेकच्या एका भागाची पूर्णाकृती प्रतिकृती आहे, तिच्यात शिरता येतं. मूळ वस्तूला हात न लावता सगळ्यांना सारखं दिसतं. समानता म्हणतात ती हीच.

रिव्हेट

@सुकी_गोदी, वासाचं उदाहरण चांगलं आहे, पण तिथे जहाजाभोवती अख्खी इमारत बांधली आहे. पाण्यात तरंगणाऱ्या क्रूझर युद्धनौकेभोवती ती कोण बांधणार? आणि तुम्ही ज्या ग्रेट ब्रिटनचा दाखला दिलात, त्याच जहाजात आज प्रेक्षकांसाठी लिफ्ट आहे. १८६९ च्या ‘कटी सार्क’ या लंडनमधल्या शिडाच्या जहाजातही लिफ्ट आहे.

‘जहाज कापू नका’ हा नियम आजवर पाळला तरी कुठे गेलाय? जर्मनीत लाबो इथे किनाऱ्यावर ठेवलेली यू-९९५ पाणबुडी घ्या. मूळ वाट वरच्या हॅचमधून (झाकण असलेल्या तोंडातून) उभ्या शिडीने खाली जाते. प्रेक्षकांची रांग तिथून सरकणार नाही म्हणून कवचाच्या बाजूला दारं कापली. चालणाऱ्यांसाठी कापलेलं दार सोय ठरतं आणि खुर्चीसाठी मागितलेलं दार विध्वंस ठरतं, हा न्याय मला मान्य नाही.

शिवाय नवं भोक दरवेळी लागतंच असं नाही. मालवाहू जहाजाला माल उतरवायचं मोठं हॅच आधीपासून असतं. लिफ्टची ११०० × १४०० मिमीची केबिन त्यात एकही तुळई न तोडता बसते. वाफेच्या जहाजात बॉयलर काढून टाकलेले असतील तर धुराड्याखालची मोकळी उभी विहीर तयारच असते. कमी उंचीच्या प्लॅटफॉर्म लिफ्टला खाली ५० ते १०० मिमी खोली पुरते, मोठा खड्डा लागत नाही. फक्त तरंगतं जहाज एक-दोन अंश कलतं, हे लिफ्टवाल्याला आधी सांगावं लागतं, नाहीतर रुळांवर लिफ्ट अडकते.

पाणीबंद

दोघंही आत कसं जायचं यावर भांडताय. मला चिंता बाहेर कसं यायचं याची आहे.

खालच्या डेकवर धूर झाला आणि वीज गेली तर लिफ्ट बंद. इमारतींत वापरतात ती सुटकेची घसरखुर्ची साधारण ३० ते ४० अंशांच्या जिन्यासाठी असते, जहाजाची शिडी ६० ते ७० अंशांची. तिथे ती चालतच नाही. नील रॉबर्टसन स्ट्रेचरमध्ये माणसाला कॅनव्हास आणि पट्ट्यांनी घट्ट गुंडाळून दोरीने उभा वर ओढावं लागतं. त्याला निदान चार सरावलेली माणसं आणि वर दोर अडकवायला भक्कम आधार हवा. ज्याला श्वासाचा किंवा मणक्याचा त्रास आहे त्याला असं बांधणंच धोक्याचं. बॅटरीवरच्या खुर्चीचं वजन सहज १०० ते १५० किलो असतं, ती खालीच सोडावी लागणार. म्हणून माझं मत: दुसरी सपाट वाट नसेल तर खालच्या डेकवर खुर्ची नेऊच नये. वरचा डेक आणि त्याला लागून असलेले कप्पे उत्तम करा.

गँगवे

@पाणीबंद, धोका खरा आहे. पण ६५ अंशांच्या त्याच शिडीवरून गुडघेदुखीचे आजोबा रोज खाली जातात, त्यांना धुरात वर कसं आणणार, हे कुणी विचारत नाही. सुटकेचा आराखडा सगळ्यांसाठीच नसेल तर तो आराखडाच अपुरा आहे. त्यावर उपाय आहेत: लिफ्टला वेगळा वीजपुरवठा, खालच्या डेकवर आगरोधक दारामागे थांबायची जागा, तिथे बोलण्याचं यंत्र, आणि एका वेळी किती खुर्च्या खाली असतील याची मर्यादा. मर्यादा घाला, मला चालेल. सरसकट बंदी नको.

काठी_आणि_कान

चर्चा पूर्णपणे चाकांभोवती फिरतेय. अंध व्यक्तीला उंबरा काठीने कळतो. कळत नाही ती कपाळाच्या उंचीवर आलेली व्हॉल्व्हची चक्री, कारण काठी जमिनीलगत फिरते. चक्री मूळची आहे, काढू नका, पण तिला मऊ वेष्टण घाला आणि तिच्या बरोबर खाली डेकवर काठीला लागेल अशी कड बसवा. खर्च नगण्य, आणि जहाजाला काहीही होत नाही. सांगाड्याचं हात लावून बघायचं मॉडेल सुरुवातीलाच ठेवा, म्हणजे आपण पुढे निघालोय की मागे, हे आत गेल्यावर कळतं.

श्रवणयंत्रासाठीचं इंडक्शन लूप (चुंबकीय क्षेत्राने आवाज थेट यंत्रात पोचवणारी तार) पोलादी खोलीत नीट चालत नाही. भोवतालचं पोलाद चुंबकीय क्षेत्र खाऊन टाकतं. तरी इमारतीसारखं लूप टाकून पाटी लावली जाते, आणि यंत्रात काहीच ऐकू येत नाही. कप्प्याकप्प्यात इन्फ्रारेड प्रक्षेपक बसवणं बरं, आणि इंजिनाच्या खोलीत छापील मजकूर हवाच.

सुकी_गोदी

@रिव्हेट, यू-९९५ ची दारं कापणं हेही माझ्या लेखी नुकसानच आहे. आधी झालेलं नुकसान पुढच्याला परवाना ठरत नाही. मात्र मूळ हॅचमधून लिफ्ट न्यायला माझा विरोध नाही, बोल्टने बसवा म्हणजे उद्या काढता येईल. उंबरा कापायचाच असेल तर तुकडा सरळ रेषेत कापून, क्रमांक घालून जपा, आणि आधी प्रत्येक रिव्हेटचे फोटो व मोजमाप घ्या.

कायद्याचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं ३० वं कलम वाचा. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांपुढे तिथे ‘शक्य तितकं’ अशी सवलत दिली आहे.

रिव्हेट

त्याच कलमात संग्रहालयांपुढे ती सवलत नाही! तिकीट लावताना संग्रहालय आणि प्रवेश मागितला की स्मारक, असं दोन्हीकडून कसं चालेल?

गँगवे

लिफ्टचा वाद सुटेल तेव्हा सुटो. पुढच्या गोष्टी संकेतस्थळावर टाकायला कुणाची परवानगी लागत नाही: भरतीला आणि ओहोटीला गँगवेचा उतार, तो सर्वात सपाट असण्याच्या वेळा, प्रत्येक दाराची मोकळी रुंदी आणि उंबऱ्याची उंची, खुर्ची वळवायला १५०० मिमी जागा कुठे आहे, शिडीचा कोन, डोक्यावरच्या जागेची सर्वात कमी उंची, स्वच्छतागृह जहाजावर की धक्क्यावर. सॅन दिएगोच्या सागरी संग्रहालयात बी-३९ ही फॉक्सट्रॉट वर्गातली सोव्हिएत पाणबुडी होती, तेव्हा आतल्या गोल दाराएवढं एक कडं बाहेरच ठेवलेलं असे. त्यातून पार होता आलं तरच आत जायचं. स्वतःला जमेल का, हे माणूस बाहेरच ठरवू शकत होता. तसंच खऱ्या मापाचं एक दार आणि उंबरा प्रत्येक संग्रहालयाने तिकीटखिडकीआधी ठेवावा, पैसे भरल्यानंतर नव्हे.

पाणीबंद

याला पूर्ण पाठिंबा. यादीत आणखी दोन मापं घाला: गँगवे आणि लिफ्ट किती किलो पेलतात, आणि पाऊस पडल्यावर उघडा डेक खुर्चीसाठी चालू ठेवतात की बंद. डेकला मधून कडांकडे बाक असतो, ओल्या सागवानावर खुर्ची आपोआप कठड्याकडे घसरत जाते.