फुजीफिल्म एक्स-टी३० साठी छोटी प्राइम लेन्स: २३, २७ की ३५?

प्रश्न

माझ्याकडे फुजीफिल्मचा एक्स-टी३० कॅमेरा आणि त्यासोबत घेतलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स आहे. लेन्सबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु ३१० ग्रॅमची ही लेन्स लावली की कॅमेरा ऑफिसच्या पिशवीत डब्याशेजारी मावत नाही आणि त्यामुळे गेले वर्षभर तो बहुतेक काळ कपाटातच राहिला आहे. माझे फोटो मुख्यतः दोन प्रकारचे असतात: संध्याकाळी घरातल्या दिव्यांच्या उजेडात साडेतीन वर्षांच्या मुलीचे, आणि रविवारी सकाळी मंडई व तुळशीबागेच्या परिसरात पायी फिरताना काढलेले. घर लहान आहे. बैठकीची खोली दहा बाय बाराची. एक्सएफ २३ मिमी एफ/२, एक्सएफ २७ मिमी एफ/२.८ आणि एक्सएफ ३५ मिमी एफ/२ या तीन प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्स मी मनाशी धरल्या आहेत, पण त्यांपैकी एकच घेणे शक्य आहे. ज्यांनी या लेन्स प्रत्यक्ष वापरल्या आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तिन्ही लेन्स चांगल्या आहेत, त्यामुळे निर्णय लेन्सच्या दर्जावरून न करता तुमच्या खोलीच्या मापावरून करावा असे मी सुचवेन. एक्स-टी३० चा सेन्सर सुमारे २३.५ मिमी रुंद आणि १५.६ मिमी उंच आहे. त्यावरून हिशेब केला तर, कॅमेरा आडवा धरून दोन मीटरांवरून फोटो काढताना २३ मिमीच्या चौकटीत सुमारे दोन मीटर रुंदीचे दृश्य मावते, २७ मिमीच्या चौकटीत पावणेदोन मीटरांच्या आसपास आणि ३५ मिमीच्या चौकटीत एक मीटर पस्तीस सेंटिमीटर. दहा बाय बाराच्या खोलीतून सोफा, टीपॉय आणि कपाट वजा केले, तर पाठ भिंतीला टेकवूनही समोरच्या माणसापासून दोन-अडीच मीटरांपेक्षा जास्त मागे सरकता येत नाही. मुलगी फरशीवर ठोकळे मांडून बसली आहे आणि शेजारी आजी मटार सोलत आहे, असा प्रसंग ३५ मिमीने टिपायला गेलात तर दोघी कशाबशा मावतील. पण ठोकळ्यांचा पसारा, खिडकी, भिंतीवरचे कॅलेंडर, म्हणजे ज्यांच्यामुळे तो फोटो तुमच्या घरातला वाटतो, ते सारे बाहेर राहील.

दुसरा मुद्दा उजेडाचा. एफ/ नंतरचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठे. एफ/२ आणि एफ/२.८ यांत एका स्टॉपचा फरक आहे, म्हणजे एफ/२ वर दुप्पट प्रकाश आत येतो. धावत्या मुलीसाठी शटर १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवायचे असेल, तर एफ/२.८ वर जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी; ती वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागतो तिथे एफ/२ वर ३२०० पुरतो. तुमच्या झूम लेन्समध्ये हात हलण्यावर उपाय आहे, परंतु मूल हलण्यावर त्याचा काही उपयोग नाही. ही झूम लेन्स १८ मिमीवर एफ/२.८ आणि ५५ वर एफ/४ देते, त्यामुळे २७ मिमी घेतल्याने उजेडाच्या बाबतीत तुमच्या पदरात फारसे काही पडणार नाही, हे लक्षात घ्यावे.

पैसे खर्च करण्याआधी झूम रिंग २३ वर ठेवून तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावा आणि एक आठवडा तसेच फोटो काढा. पुढच्या आठवड्यात २७, त्यानंतरच्या आठवड्यात ३५. कोणत्या आठवड्यात पट्टी काढून टाकावीशी वाटली, हे लिहून ठेवा.

प्रतिसाद २

वरचा हिशेब बरोबर आहे, परंतु प्रश्नाची सुरुवात पिशवीत मावण्यापासून झाली आहे, ती बाजूला पडू नये. एक्स-टी३० ची जाडी सुमारे ४७ मिमी आहे. तिच्यात २७ मिमीच्या लेन्सची प्रत्यक्ष लांबी, म्हणजे २३ मिमी, मिळवली तर सारे मिळून सात सेंटिमीटर होतात. २३ एफ/२ ची लांबी ५२ मिमीच्या आसपास असल्याने एकूण दहा सेंटिमीटर होतात आणि सध्याची झूम लेन्स लावून सुमारे पावणेबारा. म्हणजे २३ एफ/२ घेऊन तुमचे दोन सेंटिमीटरही वाचणार नाहीत. वजन मात्र १३० ग्रॅमने कमी होईल आणि तेही हाताला जाणवते.

मी स्वतः २७ चार वर्षे वापरत आहे. लोकलमध्ये ती कॅमेऱ्यासह जॅकेटच्या खिशात राहते आणि बाजारात समोरचा माणूस ती पाहून सावरून बसत नाही. दोन मीटरांवरून कॅमेरा उभा धरला तर भाजीवाल्या मावशी डोक्यापासून पायापर्यंत बरोबर मावतात, हे मला या लेन्सचे सर्वांत आवडते माप आहे. तिच्यात दोन उणिवा आहेत: फोकस होताना आवाज येतो, आणि ३४ सेंटिमीटरांपेक्षा जवळचे तिला दिसत नाही.

प्रतिसाद ३

२७ घेण्याचे ठरले, तर तिच्या दोन आवृत्त्या आहेत हे ध्यानात असू द्यावे. २०१३ ची पहिली ७८ ग्रॅमची असून तिच्यावर अ‍ॅपर्चर रिंग नाही. अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावरच्या डायलने बदलावे लागते. २०२१ च्या दुसरीवर रिंग आहे आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षणही आहे. आतल्या काचांची रचना मात्र तीच आहे. एक्स-टी३० च्या बॉडीला असे संरक्षण नसल्यामुळे केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. रिंग आवडत असेल तर अवश्य मोजावेत.

वापरलेली लेन्स घेणार असाल, तर कळकळीने एक सांगतो. मी रत्नागिरीत राहतो आणि एका दुकानातून घेतलेल्या जुन्या लेन्समध्ये मला बुरशी मिळाली आहे. दुकानाच्या उजेडात काच स्वच्छ दिसत होती. घरी येऊन अ‍ॅपर्चर पूर्ण उघडले, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरला, तेव्हा आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरलेले दिसले. परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही. त्यामुळे ही तपासणी पैसे देण्याआधी करावी आणि घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून लेन्स ठेवावी. पुण्यातसुद्धा जुलै-ऑगस्टमध्ये याची गरज पडते.

प्रतिसाद ४

२३ एफ/२ विषयी एक भर घालते. ही लेन्स २२ सेंटिमीटरांपर्यंत जवळ जाते, परंतु इतक्या जवळून एफ/२ वर चित्र थोडे धूसर, मऊसर येते. मुलीच्या मेंदी काढलेल्या हाताचा फोटो मी पहिल्यांदा काढला, तेव्हा फोकस चुकला असे समजून पाच वेळा पुन्हा काढला; एफ/४ वर गेल्याबरोबर मेंदीची प्रत्येक रेघ सुटी दिसू लागली. दीड-दोन मीटरांवर हा त्रास होत नाही. फोकस जलद आणि जवळजवळ निःशब्द आहे, त्यामुळे झोपलेल्या मुलाजवळही ती निर्धास्त वापरता येते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. चिकटपट्टीचा प्रयोग तीन आठवडे केला. ३५ च्या आठवड्यात मंडईत छान चेहरे मिळाले, पण घरात मी सतत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे जात होतो, त्यामुळे ती यादीतून वगळली. २३ आणि २७ यांत घरातल्या फोटोंपुरता मला फारसा फरक जाणवला नाही, म्हणून मग आयएसओ तपासले. संध्याकाळचे जवळजवळ सगळे फोटो ६४०० वर किंवा त्याहून वर होते आणि त्यांत मुलीचे हात हललेले होते.

त्यानंतर लेन्स लावलेल्या कॅमेऱ्याऐवजी दहा सेंटिमीटर जाडीचा पुठ्ठ्याचा खोका पिशवीत ठेवून पाहिला. उंच डब्याऐवजी चपटा डबा घेतला तर तो मावतो. २३ एफ/२ घेत आहे. वापरलेली मिळाली तर टॉर्च सोबत नेईनच.