सिंत्राचा पेना पॅलेस: आईला घेऊन जमेल का?

माऊ_पुणेरी: जूनमध्ये लिस्बनला चाललोय, मी, नवरा आणि आई (वय ७१, गुडघे कुरकुरतात). जवळच्या सिंत्रा गावातला डोंगरावरचा तो लाल-पिवळा पेना पॅलेस आईने व्हिडिओत पाहिला तेव्हापासून तोच धोशा लावलाय. त्या दिवसाचा खर्च तिघांचा मिळून १०० युरोच्या आत हवा, खाणं धरून. कसं जावं? आत जाण्यात अर्थ आहे का?

भटक्या_९: सरळ गाडी भाड्याने घ्या आणि एक रात्र सिंत्रातच राहा. आमच्या हॉटेलच्या बाल्कनीतून मूरांचा किल्ला दिसायचा, फोटो टाकू का?

शेंगदाणा: बजेट वाचलंत का भाऊ? गाडी तर मुळीच नको, वरचा रस्ता एकेरी आणि पार्किंगची बोंब. रॉसिओ स्टेशनवरून ट्रेन, पाऊण तासाच्या आत सिंत्रा, बाहेर ४३४ नंबरची बस.

कोकणकन्या: पॅलेसच्या तिकिटावरची वेळ पॅलेसच्या दाराची असते, बागेच्या गेटची नाही!! गेटपासून वर चांगला अर्ध्या तासाचा चढ आहे, आम्ही घामाघूम होऊन पोचलो तर स्लॉट गेलेला, आत सोडलंच नाही, वाद घालून उपयोग शून्य. गेटवरून छोटी बस वर जाते, आईंसाठी तीच घ्या.

टकमक: पेना म्हणजे जर्मनीच्या न्यॉयश्वानस्टाइन राजवाड्याची कॉपी. ओरिजिनल बघा.

शेंगदाणा: उलटं आहे हो. पेना १८५४ च्या सुमारास झाला, न्यॉयश्वानस्टाइनचा पाया १८६९ चा. बांधणारा फर्नांदो मात्र जर्मन राजघराण्यातला, पोर्तुगालच्या राणी मारिया दुसरीचा नवरा. लाल भाग जुन्या मठाचा, पिवळा त्याने नवा बांधला.

टकमक: जर्मनच ना मग, तेच म्हणतोय.

मडगावकर: सकाळी पहिला स्लॉट घ्या, दुपारी मुंगीला शिरायला जागा नसते. आणि धुकं! आम्हाला वर गेल्यावर समोरचा मनोराही दिसेना. लिस्बनला परतल्यावर गोवन हॉटेलात शाकुती खा, आमच्या घरच्यासारखी नाही म्हणा.

कोकणकन्या: +१ पहिला स्लॉट. आणि छोटी बस विसरू नका.

निवांत_काकू: आत जाऊच नका, खोल्याखोल्यांतून रांगेने पुढे ढकलतात. स्वयंपाकघर तेवढं बरं, तांब्याच्या भांड्यांच्या रांगाच रांगा, त्यांवर राजाची मोहोर. बाकी पैसे वाचवून खाली गावात त्राव्हेसेरो खा, बदामाचं सारण भरलेलं, गरमच घ्या.

भटक्या_९: कार्डवर लाउंज फ्री असेल तर एअरपोर्टवर जेवून घ्या, तेवढेच युरो वाचतील.

माऊ_पुणेरी: सगळ्यांना थँक्यू. आईला काकूंचा प्रतिसाद वाचून दाखवला तर म्हणे तांब्याची भांडी असतील तर आत जायचंच, बाग राहिली तरी चालेल. तिची पूजा-चहा उरकून सकाळचा स्लॉट गाठणं शक्य नाही, म्हणून दुपारी साडेतीनचं तिकीट काढलं. छोटी बस नक्की. जेवण म्हणून घरून ठेपले नेतोय.

मडगावकर: साडेतीन?? बघा बाबा.