लायसन्स आहे, पण स्टेपनी बदलता येत नाही. सोसायटीतल्या मुलांना शिकवावं का?

वर्धारोडकरीण
आमच्या सोसायटीत मी एक प्रस्ताव ठेवलाय, मतं हवी आहेत. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, पार्किंगमध्ये कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींना गाडीची साधी कामं शिकवायची. स्टेपनी लावणं, ऑइल-कूलंट बघणं, टायरची हवा, बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट करणं. इंजिन खोलायचं नाही, ब्रेकला हात लावायचा नाही.

माझ्या भाच्याची गाडी रामटेकहून येताना मनसरजवळ पंक्चर झाली. सोबत मित्र होते, सगळ्यांकडे लायसन्स, आणि जॅक गाडीत कुठे असतो हे एकालाही माहीत नाही! एका ट्रकवाल्या दादांनी थांबून चाक बदलून दिलं. ते थांबले नसते तर?

गॅरेजवाला_सक्करदरा
ताई, हेतू चांगला आहे, पण माझा विरोध आहे. मे महिन्यात गाडी गरम झाली की लोक बोनेट उघडून सरळ रेडिएटरचं झाकण फिरवतात. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब सुटतो आणि वाफ-पाणी एकदम अंगावर येतं. माझ्याकडच्या कामगाराचा हात असाच कोपरापर्यंत भाजला, आणि तो रोज हेच काम करणारा माणूस. दोन रविवार शिकलेल्या पोट्ट्यांचं काय होईल? अर्धवट शिकलं की भीती जाते, हात मात्र तयार झालेला नसतो.

वर्धारोडकरीण
भाऊ, मग पहिल्या रविवारी हेच सांगू. इंजिन बंद करायचं, पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. हे कोणी सांगितलंच नाही तर पोरगं ते उघडणारच ना?

रोजचा_प्रवासी
माझाही विरोध, पण कारण वेगळं. कामासाठी समृद्धी महामार्गावरून सतत जाणं-येणं असतं. 701 किलोमीटरचा रस्ता, कारला ताशी 120 ची मर्यादा. तिथे कडेला बसून चाक बदलणं म्हणजे जिवाशी खेळ. मागून येणाऱ्या ट्रकला डुलकी लागली तर संपलं. तिथे गाडी होईल तितकी डावीकडे घ्यायची, चारही इंडिकेटर लावायचे, सगळ्यांनी कठड्यापलीकडे उभं राहायचं आणि हेल्पलाइनला फोन करायचा. नवीन शिकलेलं पोर नेमकं तिथेच जॅक काढून बसेल, ही माझी भीती आहे.

शिवाय 2020 च्या नियमबदलापासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर कंपनीने स्टेपनी दिलीच पाहिजे असं नाही. कितीतरी नव्या गाड्यांत ती नसतेच.

शिकवायचंच असेल तर फक्त टायर शिकवा. हवा कमी असलेला टायर उन्हात वेगाने पळवला की त्याची बाजूची भिंत सतत दबते, तापते आणि फुटते. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. पंपावर "किती टाकू?" विचारलं की आपण अंदाजे आकडा सांगतो. खरा आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. आणि टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर बदलायचा.

बारावीचा_बाप
पोरांना क्लासमधून श्वास घ्यायला वेळ नाही. फोन केला की मेकॅनिक येतो, हे कशाला?

पाना_हाती
काका, काटोल रोडच्या आत एखाद्या खेड्याजवळ रात्री फोन लागला तर येईल मेकॅनिक. मी आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला आहे. आमचा कोर्स दोन वर्षांचा आहे, पण चाक बदलायला दोन वर्षं लागत नाहीत. गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे. आधी उचलली तर चाक फिरतं आणि सगळा जोर जॅकवर येतो. हँडब्रेक, गिअर, पंक्चर चाकाच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. आपल्याकडची काळी माती पावसात लोण्यासारखी होते, जॅक आत जातो. म्हणून डिकीत एक फळी ठेवायची. गाडी जॅकवर असताना खाली हातसुद्धा घालायचा नाही. नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही. एवढं मी माझ्या आईला शिकवलं, ती एकटी करते. आणि मुलींना मागे उभं करून फक्त बघायला लावू नका, पाना आधी त्यांच्या हातात द्या.

गॅरेजवाला_सक्करदरा
फळीची गोष्ट बरोबर सांगितली पोरी. चाक आणि हवा शिकवत असाल तर मी स्वतः येतो, माझे जॅक स्टँड घेऊन. पण बॅटरीचं काम यादीतून काढा. केबल उलटी लागली तर आजच्या गाडीचा कॉम्प्युटर जळतो, आणि तो खर्च कोणाच्या बापाने द्यायचा?

पाना_हाती
लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. हा क्रम पाठ होत नाही असं थोडीच आहे?

गॅरेजवाला_सक्करदरा
पाठ होतो. पण अंधारात, घाईत, धुळीने टर्मिनलवरची खूण दिसत नसताना चुकतो. मी तरी ते शिकवणार नाही.

वर्धारोडकरीण
ठीक आहे भाऊ, सुरुवातीला फक्त टायर. रस्त्यावर कुठे थांबायचं आणि कुठे जॅकला हातच लावायचा नाही, ते आधी, मग पाना. बॅटरीचं तुम्ही आणि ही आयटीआयची मुलगी समोरासमोर बसून ठरवा. माझी जुनी गाडी पार्किंगमध्येच असते, शिकायला ती वापरा.