मधुमेहाचा फॉलोअप फोनवर घ्यावा का? (नागपूर आणि आसपासच्यांसाठी)

काटोलकर
माझं मत स्पष्ट आहे. ज्यांची साखर आटोक्यात आहे, त्यांना दर महिन्याला नागपूरला बोलावणं बंद व्हायला हवं. आई ७१ वर्षांची, गोळ्यांवर आहे, पायाला थोड्या मुंग्या येतात, एवढंच. तरी काटोलहून उपाशीपोटी एसटीनं धंतोली गाठायची, रक्त द्यायचं, जिन्याखाली बसून डबा खायचा, दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं आणि संध्याकाळी डॉक्टरांपुढे पाच मिनिटं. दोन्ही रक्त काटोलच्या लॅबमध्येच देता येतं. एचबीए१सी ही रक्ततपासणी तर साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, मग महिन्याच्या फेरीत नवं काय कळतं? मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन नियमावलीनं फोन-व्हिडिओवरच्या सल्ल्याला मान्यताही दिली आहे.

वैशाली_ड्रेसिंगरूम
दादा, एसटीचा त्रास खरा आहे. पण मी मधुमेहींच्या पायांचं ड्रेसिंग करते, म्हणून विरोधात लिहितेय. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर कुरड्या-पापड वाळत घालायला बायका अनवाणी जातात. तळपायाची संवेदना गेलेली असली की चटका कळत नाही. फोड फुटतो, मोजा ओला लागतो, तेव्हा घरच्यांच्या लक्षात येतं. व्हिडिओवर पाय दाखवा म्हटलं की ट्यूबलाइटच्या उजेडात सगळं पांढरं दिसतं, आणि बोटांच्या बेचक्या कोणी उघडून दाखवत नाही. मोनोफिलामेंट, म्हणजे तो नायलॉनचा तंतू, तळव्याला टेकवूनच संवेदना तपासावी लागते. इन्सुलिनवाल्यांच्या पोटावर एकाच जागी टोचून गाठी होतात. त्या हातालाच लागतात, आणि तिथे टोचलेलं औषध नीट लागू पडत नाही. मग फोनवर नुसता डोस वाढत जातो.

काटोलकर
ताई, पटलं. पण महिन्याच्या भेटीत तरी पाय कोण बघतं? आईला आजवर तिथे कोणी चप्पल काढायला सांगितलेली नाही. जे प्रत्यक्षात होतच नाही, ते फोनवर होत नाही म्हणून फोन नको, हे कसं?

बर्डीवाला
माझा आक्षेप वेगळा आहे. फोन मुलाच्या हातात असतो. डॉक्टर विचारतात, उत्तर मुलगा देतो: "हो हो, पथ्य चालू आहे." बाबा बाजूला गप्प. समोर बसले असते तर तंबाखूच्या खर्र्यानं रंगलेले दात दिसले असते, पॅन्ट ढिली झालेली दिसली असती. रात्री घाम फुटून जाग येते, हे सुनेसमोर सांगायला म्हातारा माणूस लाजतो. ती साखर उतरण्याची खूण असू शकते. गोळी कमी करायची वेळ असते, आणि आपण तीच पुढे चालू ठेवतो.

उमरेड_उपकेंद्र
ग्रामीण भागात काम करते, म्हणून लिहिते. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर आम्ही पेशंटला शेजारी बसवून डॉक्टरांशी जोडतो, पैसे लागत नाहीत. बीपी, साखर तिथेच मोजतो, पायही मीच बघते. असं मधे कोणी असलं तर फोन चांगला चालतो. घरून एकट्यानं केलेला कॉल वेगळा, दोन्ही एका मापानं तोलू नका. उलट्या होताहेत, साखर खूप चढलीय, श्वास जोरात चाललाय, माणूस गुंगलाय, अशा वेळी मात्र कॉल लावत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, ते बघा.

महालचे_काका
मले विचारान तं फोन बरा. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर म्हाताऱ्यानं बसस्टॉपवर कायले उभं राहावं? इन्सुलिन न्यायचं असलं तं तेही पिशवीत तापते. फ्रिज नसलेल्यानं ओल्या मडक्यात ठेवावं, उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नये बाप्पा. पण डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्याच. माह्या भावाले दिसत होतं चांगलं, म्हणून तो गेलाच नाही. आता पेपर वाचता येत नाही त्याले.

वैशाली_ड्रेसिंगरूम
काटोलकर दादा, पाय न बघणाऱ्या डॉक्टरांवरचा राग मलाही आहे. तो उपाय फोन नाही, चप्पल काढून समोर पाय ठेवणं हा आहे. "पाय बघा" असं आपण म्हणायचं, त्यात संकोच कसला? वर्षातून एकदा तपासणी, हे संवेदना शाबूत असणाऱ्यांचं. संवेदना गेली असेल आणि जोडीला रक्तपुरवठा कमी किंवा बोटं वाकडी असतील तर तीन ते सहा महिन्यांनी. आधी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी. आईंना मुंग्या येतात असं तुम्हीच लिहिलंय. कधी जखम झाली होती का?

काटोलकर
जखम नाही, बोटंही सरळ आहेत. या आठवड्यात पाय तपासून घेतो, मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिनही. पण आधी काटोलच्या सरकारी दवाखान्यात विचारणार. तिथे होत असेल तर धंतोलीला कशाला आणू? गोळ्यांचा आढावा फोनवरच घेणार, ते माझं अजून तसंच आहे.