बायबल सलग एक कथा म्हणून वाचायचं तर क्रम कोणता? लेवीयात गट अडकून राहिला

सदरचा_वाचक, नागपूर
नमस्कार मंडळी. सदरला दर रविवारी संध्याकाळी तरुणांचा अभ्यासगट बसतो. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सरळ वाचत जातो आणि दुसऱ्या, निर्गमाच्या मध्यावर, फार तर तिसऱ्या, लेवीयात, गाडी बंद पडते. वाचून झालेल्या भागातूनही नुसता बोधच निघतो: अब्राहामासारखा विश्वास ठेवा, दाविदासारखं धैर्य धरा. सगळ्याची मिळून एक कथा आणि तिच्या मध्यभागी देव, असं वाचायचं तर सुरुवात कशी करावी? जुलैत धरलं तर नाताळाआधी होईल का?

कामठी_रोड
६६ पुस्तकांचे ११८९ अध्याय सहा महिन्यांत रेटू नका, अर्धे लोक गळतील. आधी कथेचा कणा घ्या: उत्पत्ती, निर्गम, गणना, यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे यांची दोन-दोन पुस्तकं, एज्रा, नहेम्या, मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये. हे ३४८ अध्याय होतात. आठवड्यातले पाच दिवस, रोज तीन, म्हणजे तेवीस आठवडे आणि वर एक दिवस. डिसेंबरच्या पूर्वार्धात संपतं. शेवटी प्रकटीकरण २१ आणि २२ जोडा. शनिवार-रविवार मोकळे ठेवाच, मागे पडलेले तेव्हाच भरून काढतात. गणना १ आणि २६ मधली शिरगणती, यहोशवा १३ ते २१ मधली जमिनीची वाटणी, हे भराभर वाचलं तरी चालते.

बोधाचं म्हणाल तर प्रत्येक अध्यायाला वहीत दोन ओळी लिहायला सांगा. पहिली: देव इथे काय करतो, काय बोलतो. दुसरी: माणसं काय करतात. क्रम उलटला की बोधकथा सुरू झालीच समजा. उत्पत्ती १२ घ्या. पहिल्या तीन वचनांत, म्हणजे श्लोकांत, देव आश्वासनांमागून आश्वासनं देतो, अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) फक्त निघतो. त्याच अध्यायात पुढे दुष्काळ पडतो, तो मिसरात (इजिप्तमध्ये) जातो आणि जीव वाचवायला बायकोला, सारायला, बहीण म्हणतो. आता ‘अब्राहामासारखे व्हा’ कसं म्हणणार? तिथल्या राजावर, फारोवर, पीडा आणून सारायला सोडवतो तो देव. पुढे १५व्या अध्यायात करार होतो तेव्हा अब्राम गाढ झोपेत असतो. चिरलेल्या पशूंच्या मधून देवाची खूण म्हणून धुमसती भट्टी आणि जळती मशाल तेवढी जाते. करार कोणाच्या भरवशावर उभा आहे हे तिथे दिसते. दाविदाचंही तसंच: १ शमुवेल १७:४६ (अध्याय १७, वचन ४६) मध्ये गल्याथाशी लढाईचा हेतू तो स्वतःच सांगतो, इस्राएलात देव आहे हे सगळ्या पृथ्वीला कळावं म्हणून.

मोहननगर
भाऊ, बाकी पटलं, पण लेवीय अख्खं गाळलं तर कण्याचा एक मणका जातो. निर्गम ४०:३५ पाहा: निवासमंडप, म्हणजे देवाच्या वस्तीचा तंबू, देवाच्या तेजानं भरला आणि मोशेला आत जाता येईना. लेवीयाच्या पहिल्याच वचनात देव त्याला त्याच तंबूतून, दर्शनमंडपातून, हाक मारतो, आणि गणना १:१ मध्ये मंडपात त्याच्याशी बोलतो. पवित्र देव पापी माणसांत राहणार कसा, हा प्रश्न मधल्या २७ अध्यायांचा. तेव्हा किमान १, ९, १०, १६, १९ आणि २६ घ्या. १६ म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, तो चुकवूच नका. निर्गम २५ ते ३१ आणि ३५ ते ४० मध्ये मंडपाची तीच मापं दोनदा येतात म्हणून लोक कंटाळतात. पण मध्ये ३२ला सोन्याचं वासरू आहे. एवढं होऊनही मंडप उभा राहतो, पुनरावृत्तीचं महत्त्व त्यात आहे.

देव माणसांत राहतो, हाच धागा पुढे १ राजे ८ मध्ये मंदिरात, यहेज्केल १० मध्ये तेज मंदिर सोडून जातं तिथे, योहान १:१४ मध्ये आणि प्रकटीकरण २१:३ मध्ये सापडतो. भिंतीवर कागद लावून ही ठिकाणं खुणावत जा.

शास्त्र_अभ्यासी
संदेष्टे सलग वाचले की सगळे सारखेच वाटतात, कारण ते कोणत्या राजाच्या काळात बोलतात ते हरवतं. आमोस आणि होशेय २ राजे १४ जवळ ठेवा, म्हणजे इ.स.पू. ७२२ला उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन पडण्याआधी. यशया हिज्कीया राजासोबत, २ राजे १८ ते २०. यशया ३६ ते ३९ मध्ये बहुतेक तोच मजकूर आहे. यिर्मया २ राजे २२ पासून इ.स.पू. ५८६च्या यरुशलेमच्या नाशापर्यंत. हाग्गय, जखऱ्या एज्रा ५ सोबत. पहिल्या फेरीत प्रत्येकाचे दोन-तीन अध्याय पुरे.

एक सावधगिरी. ‘सगळीकडे ख्रिस्त’ म्हणून यहोशवा २ मधल्या राहाबेच्या खिडकीतल्या किरमिजी दोरालाही ख्रिस्ताचं रक्त ठरवू नका. शास्त्र स्वतः जिथे जोडतं तिथे जोडा: गणना २१चा पितळी साप योहान ३:१४ मध्ये, लेवीय १६ इब्री ९ मध्ये. ईयोब आणि नीतिसूत्रे काळाच्या ओळीत बसत नाहीत, ओढून बसवूही नका.

सेमिनरी_हिल्स
गटात कॅथलिक असतील तर त्यांच्या बायबलात ७३ पुस्तकं आहेत. नहेम्या आणि लूक यांच्यात चारेक शतकांची पोकळी पडते, तिथे त्यांना त्या जादा पुस्तकांपैकी १ मक्काबी वाचू द्या. इ.स.पू. १६४ला यरुशलेमचं मंदिर शुद्ध केलं ते चौथ्या अध्यायात आहे, आणि योहान १०:२२ मधला सण त्याचाच.

सदरचा_वाचक
आभार सगळ्यांचे. स्तोत्रं कुठे घ्यायची?

मोहननगर
रोजच्या तीनमध्ये घालू नका. रविवारी गट बसला की मोठ्यानं वाचा. निर्गम संपल्यावर १०५वं स्तोत्र घ्या: अब्राहामापासून वचनदत्त देशापर्यंतची कथा ४५ वचनांत, आणि बहुतेक क्रियापदांचा कर्ता देव. पुढच्या रविवारी १०६. कथा बरीचशी तीच, पण लोकांच्या बंडाच्या बाजूनं. दोन्ही शेजारी ठेवून वहीतल्या दोन ओळींशी ताडून पाहा.