‘खबऱ्या’ की ‘हेर’?

प्रश्न : एका अनुवादात पोलिसांना आतली माहिती पुरवणाऱ्याला ‘हेर’ म्हटलंय. खटकतं. ‘खबऱ्या’ चालेल का?

– खबऱ्याच हवा. हेर मुद्दाम तयार करून पाठवलेला असतो. बहिर्जी नाईक हेर होते. खबऱ्या आधीपासून त्याच वस्तीतला, त्याच धंद्यातल्या लोकांत ऊठबस असलेला. तिथलं कानावर आलेलं तो पोचवतो. पैशासाठी, सवलतीसाठी, नाहीतर कुणाचा काटा काढायला.

‘खबर’ अरबी, फारसीमार्गे आलेली. पुढचा ‘या’ आपला, बडबड्या-गोंधळ्यातला. त्यामुळे शब्दाला सलगी चिकटते, थोडी हेटाळणीही. पण खरा रंग बोलणाऱ्यावर ठरतो. हवालदार म्हणाला, ‘आपला खबऱ्या पक्का आहे,’ तर त्यात भरवसा आहे. टोळीतला म्हणाला, ‘हा खबऱ्या निघाला,’ तर त्या माणसाची धडगत नाही. अनुवादात आधी हे बघा : वाक्य कुणाच्या तोंडी आहे?

– सरकारी कागदावर मात्र खबऱ्या नको. तिथे ‘गुप्त बातमीदारामार्फत बातमी मिळाली की…’ असाच साचा असतो, आणि ‘बातमी’ म्हणजे टीप. बातमीदाराचं नाव लिहीत नाहीत, त्याला कायद्याचा आधार आहे. गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही : भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम १३१, १८७२ च्या कायद्यात हेच कलम १२५ होतं.

प्रश्न : मग माफीचा साक्षीदार?

– तो वेगळाच. तो स्वतः गुन्ह्यात सामील असतो, माफीच्या बदल्यात कोर्टात उभा राहून साक्ष देतो. खबऱ्याचं काम पडद्याआड राहण्यावरच चालतं. त्याला साक्षीदार केलं की तो खबऱ्या म्हणून संपला.

प्रश्न : अनेकवचन?

– एक खबऱ्या, दोन खबरे. पुढे खबऱ्यांना, खबऱ्यांचं जाळं. टंकताना नुक्त्याचा ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’. साधा ‘र’ घेतला तर ‘खबर्या’ उमटतं, ते चूक.

– क्रियापदही सांभाळा. खबऱ्या खबर ‘देतो’, पोलिसांना ती ‘मिळते’ किंवा ‘लागते’. ‘पोलिसांनी खबऱ्याची खबर घेतली’ असं लिहिलंत, तर वाचणारा समजेल की त्याला झोडपला.